अडून बसलेले सनरूफ

पावसाळ्याच्या तोंडावर सोलापुरातील एका कापड व्यापाऱ्याच्या गाडीचे सनरूफ मिटता मिटता पुन्हा उघडू लागले. मोटार गेली, नवी बसवावी लागेल, असे कारागिराने सांगितले. मुलगा पैसे मोजण्यास तयार होता. वडिलांनी मात्र आधी रूळ तपासण्यास सांगितले. तेथे घट्ट झालेल्या वंगणात वर्षभराची धूळ रुतली होती. अडथळा जाणवताच, कोणाचे बोट चिरडू नये म्हणून काच मागे सरते. तिने धुळीलाच बोट मानले होते. रूळ पुसून, पुस्तिकेप्रमाणे बटण दाबून धरताच सनरूफ नीट मिटले.

ज्याला बिघाड म्हटले जाते, ती पुष्कळदा सावधगिरी असते. पेढीवरचा जुना मुनीम एखाद्या उधारीला अडून बसला, तर त्याला बदलण्यापूर्वी अडण्याचे कारण विचारावे.