शीग

उत्सुकता शिगेला पोचते, महागाई शिगेला पोचते आणि निवडणुकीचा प्रचार तर हटकून पोचतो. पण ही शीग असते तरी कुठे? वर्गात विचारले, तेव्हा एकमुखाने उत्तर आले, “डोंगरावर, सर!”

शीग असते मापावर. शेर किंवा पायली काठापर्यंत भरली, तरी वर धान्य ओतीत राहायचे. त्याचा जो निमुळता ढीग उभा राहतो, ती शीग. पाण्याला हे भाग्य नाही. घागर काठोकाठ भरते, विहीर तुडुंब भरते. शिगोशीग भरते ती पायलीच. दाणा दाण्याला धरून राहतो, म्हणून धान्य काठाच्याही वर चढते. पण शेवटी एक दाणा असा पडतो, की तो ठरत नाही, घरंगळतो. तिथे माप खरे भरले. ‘शिगेला पोचणे’ म्हणजे याच्यापुढे आता घरंगळणेच!

शीग म्हणजे नुसता उदारपणा, असे मात्र समजू नका. माप कोणाच्या हाती आहे, यावर सारे अवलंबून. माझी आजी सांगे, अडल्या वेळी तिच्या सासऱ्यांनी सावकाराकडून भात आणले, ते वरून हात फिरवून सपाट केलेल्या मापाने. सुगीत फेडले, ते शीग लावून. पायली तीच, वरचा ढीग तेवढा दर खेपेस सावकाराचा. व्याज निराळेच!

त्या आजीने दारी आलेल्याला कधी सपाट मापटे घातले नाही. म्हणायची, “सावकाराची शीग आम्ही पाहिली, आमची लोकांना पाहू दे.”

१९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून किलो येऊ लागला आणि हळूहळू बाजारातली पायली अडगळीत गेली. तराजूला शीग नसते. किलो म्हणजे किलो. गरिबाला आणि सावकाराला सारखाच. हे उत्तमच झाले. ज्यांनी शिगेने कर्ज फेडले, त्यांना त्याचे मोल विचारावे.

पण न्याय तराजूकडे सोपवला, तरी माया सोपवता येत नाही. ती हातानेच घालावी लागते. तेव्हा मंडळी, यंदा शेजारी फराळाचे ताट धाडताना चकल्या मोजू नका. एखादी घरंगळू द्या!