उतारावरचे ओझे

जुलै २०१९मध्ये महाराष्ट्रातून निघालेला एक ट्रेलर तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात पोहोचला तो जुलै २०२०मध्ये. अंतर साधारण १,७०० किलोमीटर, चाके ७४, सोबत ३२ माणसे. वर एक ऑटोक्लेव्ह: वजन ७० टन, उंची साडेसात मीटर, रुंदी ६.६५ मीटर. वाटेत खड्डे बुजवावे लागले, झाडे तोडावी लागली, विजेच्या तारा सोडवाव्या लागल्या. वर लॉकडाउनने गाडी आंध्रात अडकवली. बातम्यांत कौतुक झाले ते ७० टनांचे. या धंद्यातल्या माणसाची नजर रुंदीवर गेली. सत्तर टन ओढणारे पुष्कळ आहेत, ६.६५ मीटर म्हणजे दोन लेनचा रस्ता जवळजवळ भरला.

अशा मालाला ट्रान्सपोर्टवाले ‘ओडीसी’ म्हणतात. नेहमीच्या मालट्रकला २.६ मीटर रुंदीची मर्यादा. ती ओलांडली की खास परवाना, रूट सर्व्हे, पायलट गाडी आणि शहरात रात्रीची वाटचाल. मुंबईच्या गिरणगावाला हे प्रकरण नवे नाही. परळ-लालबागच्या कार्यशाळांतून निघणाऱ्या उंच गणेशमूर्ती म्हणजे ओडीसीच. पुढे बांबूने तारा उचलणारी पोरे, आणि करी रोड, चिंचपोकळी, भायखळ्याच्या जुन्या रेल्वेपुलांवर एका वेळी १६ टनांपेक्षा जास्त भार नको, थांबू नका, नाचू नका, ही दरवर्षीची पोलिसी सूचना. गोदीतून सुटलेला ट्रान्सफॉर्मरही पी. डि’मेलो रोडवरून तसाच वर बघत बघत निघतो. पण शहर सपाट आहे. खोपोलीनंतर रस्ता उभा राहतो.

चढाची भीती नवख्याला. चढावर गाडी दमली तर पुढे आणखी एक पुलर, म्हणजे ओढणारी गाडी, जोडता येतो. माझ्या मते खरा घाट लागतो तो देशावरून बंदराकडे उतरताना. १०० टनांची गाडी बोरघाटात ५०० मीटर खाली येते तेव्हा सुमारे १३६ युनिट विजेएवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. लालबागच्या चाळीतले एखादे बिऱ्हाड तेवढ्यात महिना काढते. ती सगळी ब्रेकवर सोपवली तर ड्रम तापून लाल होतात, लायनर जळतात, आणि मग पेडल कितीही दाबा, गाडी ऐकत नाही. म्हणून खालचा गिअर, इंजिन ब्रेक आणि अधूनमधून थांबून ड्रम थंड होऊ देणे. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची खोड बोरघाटातल्या अनेक अपघातांच्या मुळाशी असल्याचे पोलीस सांगत आले आहेत. ओडीसीच्या ड्रायव्हरने असे केले तर दुसऱ्या दिवशी त्याला कोणी स्टिअरिंगला हात लावू देणार नाही. (दुसरा दिवस उजाडला तर.)

फार जड माल असेल तर मागेही एक पुलर जोडतात, गाडी धरून ठेवायला. दोघा ड्रायव्हरांचा ताल चुकला, मागच्याने सोडले आणि पुढच्याने दाबले, की वळणावर ट्रेलर पुढच्या पुलरलाच ढकलून आडवा करतो. म्हणून वॉकीटॉकीवर अखंड बोलणे चालू असते. चाकांशेजारून लाकडी ठोकळा घेऊन एक माणूस चालत असतो. गाडी थांबली रे थांबली की ठोकळा टायरखाली.

वळणावर रस्ता एका अंगाला कललेला असतो. उंच माल त्या कलाबरोबर झुकला तर त्याचा भार एकाच बाजूच्या टायरांवर येतो. हायड्रॉलिक ॲक्सलचा ऑपरेटर अशा वेळी एक बाजू उचलून आणि दुसरी दाबून ट्रेलरचा माथा सपाट ठेवतो. पावसाळ्यात दरीकडची साइडपट्टी भिजून भुसभुशीत झालेली असते; वरून डांबर धडधाकट दिसते. त्यामुळे सर्व्हेवाला टेप घेऊन रुंदी मोजतो, तसा काठावर पहार मारूनही बघतो.

काही अडथळे नुसते मोजून भागत नाही, ते हटवावेच लागतात. बोरघाटातला १८३० सालचा पूल बामच्या जाहिरातीमुळे ‘अमृतांजन पूल’ झाला. त्याच्या खांबांमुळे एक्स्प्रेस-वे तिथे अरुंद होत असे. एप्रिल २०२०मध्ये, रस्ता ओस पडलेला असताना, तो सुरुंग लावून पाडला.

सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या गेल्या त्याही घाटानेच. पाते वजनाला फार नसते, पण लांबी छळते: पुलर वळून गेला तरी पात्याचे शेपूट दरीवरून फिरत असते. मग वळणाच्या आतला डोंगर खरवडायचा, किंवा परदेशी डोंगरांत करतात तसे पाते हायड्रॉलिकवर तिरपे उभे करून न्यायचे. उभे केलेले पाते शीड होते. म्हणून वारा वाढला की पवनचक्कीचाच माल वाटेत थांबवून ठेवावा लागतो.