रोरिकांचे मठ

रविवार. बंगळूरला कुमार कृपा रस्त्यावरच्या चित्रकला परिषदेत गेले होते. बाहेर रिक्षांचा कलकलाट, आत निकोलाय रोरिकांचे निळे-जांभळे डोंगर. मठ कड्याला चिकटलेला, आणि लामा तर शोधावाच लागतो. चेहरा नाहीच, नुसता वाकलेला अंगरखा. माणसाला इतकं लहान काढायचं म्हणजे कोरडेपणाच, असं मला वाटायचं. पण हा गृहस्थ 1925 ते 1928 लडाख, मंगोलिया, तिबेट असा हिंडला. तिबेटच्या पठारावर ऐन हिवाळ्यात त्याचा तांडा अडवला गेला आणि सगळ्यांनी कित्येक महिने तंबूत काढले. तिथे कुणाची सकाळ नि कुणाची संध्याकाळ! टेंपेराच्या त्या सपाट रंगांत प्रहर ओळखता येत नाही. मला वाटतं, रोरिकांना तेच हवं असणार.

मुलगा स्वेतोस्लाव वेगळा. त्याला माणसं जवळून हवीत. देविकाराणी तर फारच. मालाडची बॉम्बे टॉकीज चालवलेली ही बाई 1945 मध्ये त्याच्याशी लग्न करून सिनेमातून जी उठली, ती उठलीच. पुढे दोघं कनकपुरा रस्त्यावर, तातगुणीच्या शेकडो एकरांच्या मळ्यात राहिली. संन्यासाचा हा प्रकार मला परवडला असता. 1993 मध्ये तो गेला, 1994 मध्ये ती. मूलबाळ नाही. मळ्याचा खटला मात्र 2011 पर्यंत चालला, थेट सर्वोच्च न्यायालयात, आणि जमीन सरकारकडे गेली.

पुढच्या खेपेला आधी मुलाची चित्रं पाहायची. वडिलांपुढून पाय लवकर निघत नाही.