वरचा पाइप

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बाबांना बजावलं : डोळा चोळायचा नाही, जड उचलायचं नाही, खाली वाकायचं नाही. शेवटचं ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे बॉनेटमध्ये बघायचं नाही." डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं.

बडोद्याला आमच्या सोसायटीखाली २००३ सालची पांढरी मारुती ८०० उभी असते. तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं इंजिन. कंपनीने ही गाडी २०१४ मध्ये बनवायची थांबवली, बाबांनी चालवायची थांबवली नाही. गॅरेजचं तोंड तिने फार कमी वेळा पाहिलं. रविवारी बाबा खाली उतरायचे आणि भाऊ बॅटरी धरून शेजारी उभा राहायचा. बॅटरी धरणं हा त्याचा मान होता. मी चहा घेऊन जायची. आता तो परदेशात आहे, आणि मी पुण्यात कॉलेजच्या मुलांना फिजिक्स शिकवते.

ऑपरेशनसाठी आले होते, तर तिसऱ्या दिवशी आई सहज म्हणाली, "हे रोज सकाळी बाटली घेऊन खाली जात होते. गाडीला पाणी पाजायला."

रेडिएटरचं पाणी तेच तेच फिरत राहतं. ते रोज बाटलीभर कमी होत असेल तर कुठून तरी गळतंय. मी खाली जाऊन बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या वरच्या तोंडाला जाणारा जाड काळा पाइप चिमटीत धरला. मधे लाकडासारखा कडक आणि टोकाशी जास्त पिकलेल्या केळ्यासारखा मऊ. दोन्ही वाईटच. हे रबर साधं नसतं, ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं, आणि त्याच्या पोटात धाग्यांचं विणकाम असतं. उष्णता ते वर्षानुवर्षं सोसतं, तेल मात्र त्याला सोसत नाही. बाहेरून धड दिसणारा पाइप आतून चिरत गेलेला असू शकतो.

"मेकॅनिकला बोलावू?" मी विचारलं.

"वरच्या पाइपासाठी?" बाबांनी असं विचारलं, की जणू मी भात लावायला आचारी बोलावत होते.

स्पेअर पार्टच्या दुकानात माझ्याकडे एकदा बघून माणूस म्हणाला, "बेन, कंपनीनो आपुं के लोकल?" फोनवर बाबा. "कंपनीचाच. आणि क्लिपाही दोन्ही नव्या घे. जुन्या क्लिपेवर नवा पाइप बसवणारा माणूस कंजूष नसतो, मूर्ख असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी काळा चष्मा लावून ते पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. इंजिन रात्रभर थंड झालेलं होतं. आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे १०० अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. तापलेल्या गाडीचं झाकण काढलं की दाब जातो, ते एका क्षणात उकळतं आणि थेट तोंडावर येतं. हा धडा मी फळ्यावर अनेकदा शिकवलाय, कुकरचं उदाहरण देऊन. झाकणावर प्रत्यक्ष हात ठेवताना मात्र तो थरथरला. थंड आहे हे माहीत असूनही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, कारण रेडिएटरचा पंखा विजेचा आहे आणि बोटं त्याच्या जवळ जाणार होती. खाली घमेलं ठेवलं, रेडिएटरचा खालचा बूच सैल केला. हिरवं किंवा निळं कूलंट यायला हवं. आला उकळलेल्या चहाचा रंग. नुसतं नळाचं पाणी आणि गंज.

मग पेचकस घेऊन क्लिपेशी वाकले, आणि थांबले.

पाइपाच्या टोकावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या, वरून तार आवळली होती. तेही चाललं असतं, जुगाड आपल्याकडे कुणाला नवीन नाही. पण क्लिपेच्या स्क्रूची खाच पार झिजून गोल झाली होती आणि सगळीकडे ओरखडे होते. रेडिएटरच्या रंगावर, नळीवर, रबरात. पेचकस खाचेत बसायच्या ऐवजी बाजूला घसरला होता, पुन्हा घसरला होता, पुन्हा. बाबांचा पेचकस घसरताना मी कधी पाहिला नव्हता. खाच त्यांना दिसतच नव्हती.

डिसेंबरात आईला घेऊन ते पावागडला गेले होते. परतताना अंधार झाला होता. फोनवर म्हणाले होते, "समोरच्या गाड्यांचे लाइट हल्ली फार पसरतात, एलईडी आलेत ना." मीही म्हटलं होतं, हो, एलईडीच.

ज्यांना स्क्रूची खाच दिसत नव्हती, त्यांना तपमानाचा काटा तरी दिसत होता का? पाइप वाटेत फुटला असता तर पाणी गेलं असतं, ॲल्युमिनियमचं हेड वाकलं असतं. पण मी त्या घडीला हेडचा विचार करत नव्हते.

"काय झालं? निघत नाही?" खुर्चीतून आवाज आला.

"निघतेय."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "तो स्क्रू जरा खराब झालाय."

"हो."

"माझ्याकडून."

मी काही बोलले नाही. तेही नाही. गाडीखालून मांजर बाहेर आलं आणि आमच्या दोघांकडे बघून गेलं.

क्लिप शेवटी पकडीने फिरवून काढली. पाइप पिरगाळून ओढायचा नाही, रेडिएटरची नळी मोडते. ब्लेडने लांबीत चिरून सोलायचा. आत चिरा होत्या, बाबा म्हणाले होते तशाच. नळ्या बारीक पॉलिश पेपरने घासल्या. नवा पाइप जोर लावून बसवला आणि मग क्लिपा खुर्चीशेजारीच राहिल्याचं लक्षात आलं. बाबा हसले. भाऊही पहिल्यांदा असंच विसरला होता म्हणे. नळीच्या टोकाला उंचवटा असतो, क्लिप त्याच्या मागे यायला हवी. "आवळ. बास. रबर फटीतून वर यायला लागलं की जास्त झालं."

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं ओतलं. थेंब सांडले ते लगेच पुसले; कूलंट चवीला गोड आणि मांजर-कुत्र्यांना विष. बॅटरी जोडली, झाकण न लावता इंजिन सुरू केलं, आतली हवा निघावी म्हणून हीटर पूर्ण उघडला. बुडबुडे येत राहिले.

तेव्हा बाबा उठले. न वाकता, ताठ उभं राहून त्यांनी हात लांब केला आणि नव्या पाइपावर ठेवला. चष्म्याआड डोळे मिटलेले असावेत.

"थंड," ते म्हणाले. आम्ही वाट पाहिली. "अजून थंड." थर्मोस्टॅटमध्ये मेण असतं, ते वितळून फुगतं तेव्हा वाट उघडते आणि गरम पाणी या पाइपात शिरतं. मी डॅशबोर्डवरच्या काट्याकडे बघत होते.

"उघडला," बाबा म्हणाले आणि हात काढला. काटा मधल्या खुणेच्या थोडा खाली येऊन थांबला.

कूलंटची पातळी पाहिली, झाकण लावलं, बॉनेट टाकलं. एक फेरी मारून बघायला हवी होती. किल्ली माझ्याकडेच होती. ती मागितली तर काय म्हणायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. बाबा गाडीला वळसा घालून गेले, डावीकडचं दार उघडलं, बसले आणि पट्टा लावला.

सोसायटीच्या गेटबाहेर पडतोय तोच म्हणाले, "दुसरा टाक."

दुसरा मी केव्हाच टाकला होता.