शिफ्ट-आर

सबमिशनच्या आदल्या रात्री लॅबचा ईएसएक्सआय होस्ट 7 वरून 8 वर न्यायचा शहाणपणा मी केला. तोही हार्डवेअरची यादी न बघता! रीबूट झाला आणि नेटवर्क गायब. अख्ख्या बॅचचे प्रोजेक्ट त्याच्यावरच्या व्हर्च्युअल मशीन्समध्ये... पोटात गोळाच आला.

लॅबच्या काकांना उठवलं. ते ओरडले नाहीत. "अरे, नवीन व्हर्जन दुसऱ्या बूटबँकेत जातं, जुनं जागेवरच असतं. बूट होताना शिफ्ट-आर दाब." दाबलं, 'वाय' दिलं, होस्ट परत आला! 2022 च्या 8.0 मधून काही जुन्या नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर काढलेत, आपलं कार्ड त्यातलंच.

सबमिशन सुरळीत झालं. कुणाला काहीच कळलं नाही. मित्रांनो, ती रात्र आज इथे कबूल करतोय.