दवाखान्यापासून पोडापर्यंत

सेवाग्रामहून पांढरकवड्याला निघालो, तेव्हा मनात एक तुलना आपोआप सुरू झाली होती. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉक्टर व्हायला आलेल्या मुलामुलींचे पहिले दिवस बापूंच्या आश्रमात जातात. झाडलोट, सूतकताई, प्रार्थना. पुढे सगळी तुकडी एका खेड्यात मुक्कामाला जाते, प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबे येतात आणि शिक्षण चालू असेपर्यंत त्या घरांशी नाते ठेवायचे असते. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली उभारलेल्या या संस्थेची ही जुनी रीत. आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने देशभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून काही कुटुंबे दत्तक घ्यायला सांगितले आहे. ‘दत्तक’ हा शब्द मला थोडा खटकतो. कोण कोणाला दत्तक घेते, हे पुष्कळदा त्या घरच्या चुलीपाशी बसल्यावरच कळते.

हिंगणघाट मागे पडले, वर्धा नदी ओलांडली आणि यवतमाळ जिल्हा लागला. वडकी, करंजी, दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि फुटलेला कापूस. हैदराबादकडे धावणाऱ्या मालमोटारींच्या या महामार्गावरच पांढरकवडा वसले आहे. तालुक्याचे नाव केळापूर, मुख्यालय मात्र इथे. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगण. चहाच्या टपरीवर मराठी, हिंदी आणि तेलुगू एकाच बाकावर बसलेल्या असतात. उपजिल्हा रुग्णालय याच गावात आहे. जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र यवतमाळला, सुमारे सत्तर किलोमीटरवर. धडधाकट माणसाला हे अंतर फार नाही. गुडघे धरलेल्या माणसाला ते दुसऱ्या राज्याइतके लांब असते.

ओळखीच्या एका आरोग्यसेविकेबरोबर मी एका कोलाम पोडावर गेलो. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. कातकरी आणि माडिया गोंड यांच्याप्रमाणे कोलाम ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित गटात नोंदलेली जमात. घरात त्यांची स्वतःची कोलामी भाषा चालते, ती तेलुगूच्या कुळातली. आमच्याबरोबर आंतरवासितेतला एक तरुण डॉक्टर आणि परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या दोन मुली होत्या. वेचणीचे दिवस असल्यामुळे पोडावर म्हातारी माणसे आणि लहान मुलेच उरली होती. एका घरची सून तेवढी तापलेल्या लेकरासाठी घरी थांबलेली.

तिची सासू पाण्याची कळशी घेऊन आली आणि तशीच दंड पुढे करून बसली. परिचारिका होऊ घातलेल्या मुलीने पट्टा बांधलाच नाही. “आजी, आधी टेका. पाच मिनिटं काही बोलायचं नाही,” असे म्हणून तिने आजींना खाटेवर बसवले. पाठीला भिंतीचा आधार, पाय जमिनीवर सपाट, आणि हात छातीच्या उंचीवर यावा म्हणून कोपराखाली घडी घातलेली गोधडी. लघवीला जाऊन यायचे आहे का, हेही विचारले. रक्तदाब मोजण्याची ही शिस्त शहरातल्या गर्दीच्या दवाखान्यांतसुद्धा मी क्वचित पाहिली आहे. घरी यंत्र असलेल्या वाचकांनी एवढी पाच मिनिटे जरूर पाळावीत. घाईत घेतलेला आकडा बरेचदा फुगलेला असतो.

आजींचा आकडा विश्रांतीनंतरही चढाच निघाला. तरुण डॉक्टरने कार्ड पाहिले. गोळी योग्य होती, मात्राही. मग त्याने विचारले, “गोळी रोज घेता ना?”

“घेतो ना. अर्धी अर्धी.”

“अर्धी कोणी सांगितली?”

आजी हसल्या. “सांगन कोण? एकच पत्ता उरला होता. अर्धी केली का दुप्पट दिवस पुरते.”

गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२पासून एस.टी.चा प्रवासही फुकट आहे. पण पोडावर एस.टी. येत नाही. डांबरी रस्त्यापर्यंत चालायचे, तर सोबत हवी. टिपेश्वरचे अभयारण्य जवळ, त्यामुळे वाघाच्या धाकाने पहाटे किंवा तिन्हीसांजेला कोणी एकटे निघत नाही. सोबत गेलेल्या सुनेची त्या दिवसाची वेचणी बुडते आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळते. फुकटच्या गोळीची ही खरी किंमत. तरुण डॉक्टरने वहीत आधी ‘औषध नियमित घेत नाही’ असे लिहिले होते. त्याने ते खोडले आणि खाली लिहिले, ‘औषध पोचत नाही.’ या दोन वाक्यांमधला फरक कळण्यासाठी मुलांना पोडावर पाठवायला हवे, असे मला त्या क्षणी वाटले.

दुसऱ्या मुलीने सुनेच्या लेकराकडे पाहिले. मुलाला सिकलसेल आहे. विदर्भात हा आजार नवा नाही. २०२३च्या जुलैत त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी धरली आहे. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे, पण आजी त्या यादीत नाहीत. आणि वेचणीच्या दिवसांत लेकराला सांभाळते कोण, तर आजीच. म्हणून त्या मुलीने सगळे आजींनाच सांगितले: पाणी भरपूर पाजायचे, थंडीत उघडे ठेवायचे नाही, आणि ताप आला तर घरी वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. मग तिने आजींकडून ते परत वदवून घेतले. आजींनी ते शेजारणीला कोलामीत सांगितले. आज ताप होताच. त्यामुळे मायलेकरांना आमच्याच गाडीतून न्यायचे ठरले.

गोळ्यांचे काय, यावर बराच वेळ गेला. पोडावर रक्तदाबाची औषधे घेणारी पाच वृद्ध माणसे निघाली. दर आठवड्याला कोणी ना कोणी पांढरकवड्याच्या बाजाराला जातेच, त्याच्याबरोबर पाचही कार्डे पाठवली तर? तरुण डॉक्टरने वरिष्ठांना फोन लावला. उत्तर आले: रक्तदाब वस्तीवर मोजून कार्डावर लिहिलेला असेल, तर महिन्याच्या गोळ्या देता येतील. मोजायचे काम सेविकेने अंगावर घेतले. तिच्याकडे किती वस्त्या आहेत, हे मात्र कोणी विचारले नाही, मीही नाही.

निघताना आजींनी पट्टा बांधणाऱ्या मुलीचा हात धरला. “पुढच्या बारीला तूच येशीन ना?”

मुलगी क्षणभर थांबली. “मी नाही, आजी. माझे इथले दिवस संपतात. दुसरी येईल.”

“तिले सांगून ठेव मग, पाच मिनिटं बसवाचं म्हून.”

मुलीने वही उघडली आणि आजींच्या नावापुढे ते लिहिले. गाडीत सुनेने लेकराला मांडीवर घेतले. मागे आजी कार्ड कुडाच्या फटीत खोचून ठेवत होत्या.