‘विसावा’ची शिरोरेषा

चालू यंत्र गातं. स्टेपर मोटारींच्या आवाजाला सूर असतो आणि तो वेगाप्रमाणे चढतो-उतरतो. कोरणारं बिट सरळ रेषेत निघालं की एकच सूर लांबत जातो. गोलाई आली की एका मोटारीचा सूर उतरायला लागतो आणि दुसरीचा चढायला लागतो, मध्येच दोघी क्षणभर एका पट्टीत येतात आणि पुन्हा वेगळ्या होतात. आमच्या घरी गॅलरी बंद करून केलेल्या खोलीत लाकूड कोरणारं छोटं सीएनसी यंत्र आहे. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करता करता ओरडून सांगते, “आई, ‘ळ’ आला!” आणि बहुतेक वेळा तो ‘ळ’च असतो. दोन बाजूंच्या दोन गाठी तिला कानानं कळतात.

हे गाणं बिघडलं की सगळ्यात आधी कळतं तेही कानालाच. सूर चालू असताना मध्येच ‘टर्र’ असा दातांवर दात घासल्यासारखा आवाज आला, की समजायचं, मोटारीला सांगितलेलं काम झेपलं नाही. मात्र काही बिघाड आवाजही करत नाहीत. यंत्र सुरात गात राहतं आणि लाकडावर भलतंच उमटतं. माझा जीव जडला आहे तो या दुसऱ्या जातीच्या बिघाडांवर.

ते समजायचे तर यंत्राचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. संगणकावर अक्षर काढलं की सॉफ्टवेअर त्याच्या ओळी करतं: अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी जा, एवढ्या वेगानं जा, एवढं खोल उतर. या ओळी म्हणजे जी-कोड. तो एका आर्डुइनो बोर्डावर जातो. बोर्डात असतं ‘ग्रबल’ नावाचं सॉफ्टवेअर. सिमेन स्वाले स्कॉग्सरुड या नॉर्वेजियन माणसानं २००९ मध्ये ते लिहिलं आणि सगळ्यांसाठी मोकळं केलं. जगभरातल्या किती घरांमध्ये, गॅरेजमध्ये, शाळांच्या कार्यशाळांमध्ये लाकूड कोरलं जातंय, ते या मोकळेपणाच्या जिवावर. ग्रबल त्या ओळींचे विजेचे छोटे छोटे इशारे करतं. मोटारीच्या एका फेऱ्यात २०० पावलं असतात. ड्रायव्हर चिप त्या प्रत्येक पावलाचे १६ भाग पाडते, म्हणजे एका फेऱ्याला ३२०० इशारे. आमच्या यंत्राचा स्क्रू एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकवतो. म्हणजे एका मिलिमीटरला ४०० इशारे.

हिशेब इतका बारीक आहे, पण तो एकाच दिशेनं जातो. बोर्ड इशारा देतो आणि आपण मिलिमीटरचा चारशेवा भाग सरकलो असं धरून चालतो. खरोखर सरकलो का, हे विचारायची सोयच या यंत्रात नाही. लोडशेडिंगच्या रात्री अंधारात पायऱ्या मोजत जिना चढणाऱ्या माणसासारखं ते आहे: एक पायरी चुकली तरी त्याचं मोजणं चालूच राहतं, आणि मग तो भलत्याच मजल्यावर आपलं दार शोधतो.

एका ओळखीच्या कुटुंबाच्या घराची पाटी मी सागवानावर कोरत होते. घराचं नाव ‘विसावा’. व्ही-बिट, म्हणजे निमुळत्या टोकाचं बिट, लावलं होतं, खोली बेताची होती, एकाच फेरीत काम व्हायचं होतं. आधी ‘वि’, मग ‘सा’, मग ‘वा’ आणि शेवटी या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा असा क्रम होता. सूर कुठेही तुटला नाही. भुसा झटकला तेव्हा दिसलं, की शिरोरेषा ‘वि’ आणि ‘स’च्या मानेतून आरपार गेली आहे. शेवटच्या ‘वा’च्या मात्र ती अगदी डोक्यावर, जिथे हवी तिथे बसली होती.

मी बराच वेळ त्या पाटीकडे बघत राहिले. काम वाया गेल्याचं वाईट वाटलं होतंच, पण पाटीवर सगळा जबाब लिहिलेला होता. ‘वा’ आणि शिरोरेषा एकमेकांशी जुळत होत्या, म्हणजे सरकणं त्यांच्या आधीच घडलं होतं. ‘वि’ आणि ‘स’ एकमेकांशी जुळत होते, म्हणजे ते त्यांच्यानंतर घडलं होतं. उरला ‘सा’चा काना. तो खालून वर कापला जात होता आणि वर पोचायच्या दोन मिलिमीटर आधीच संपला होता. त्याचं आखूड टोक आणि घसरलेली शिरोरेषा नेमकी एका उंचीवर भेटत होती. आणि त्या कान्याच्या मध्यावर लाकडात गडद, शिंपल्यासारखी चकाकणारी एक छोटी गाठ होती.

काना कोरताना आडवी मोटार स्वस्थ असते, सगळा भार उभ्या अक्षावर येतो. त्या गाठीशी तो अक्ष अडला, दोन मिलिमीटर मागे राहिला आणि बोर्डाला पत्ताच लागला नाही. पुढचं सगळं त्यानं चोख कोरलं, फक्त दोन मिलिमीटर खाली.

इथे मला जॉन पार्सन्स आठवतो. अमेरिकेतल्या मिशिगनमधला हा माणूस १९४०च्या दशकात हेलिकॉप्टरच्या पात्यांचे भाग बनवायचा. पात्याच्या वळणाचे बिंदू पंचकार्डांच्या यंत्रावर मोजून काढायचे आणि त्या आकड्यांनुसार धातू कापायचा, असा त्याचा प्रयोग होता. एक जण आकडे मोठ्यानं वाचायचा आणि यंत्राच्या दोन चाकांवर उभे असलेले दोघे त्याप्रमाणे चाकं फिरवायचे. तीन माणसांचं हे काम यंत्राकडे सोपवण्याच्या खटपटीतून एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग यंत्र दाखवलं गेलं. कागदाच्या छिद्रांकित पट्टीवरून ते आकडे वाचायचं. पण त्यात एक गोष्ट होती जी माझ्या यंत्रात नाही. अक्ष प्रत्यक्षात किती सरकला, हे मोजून नियंत्रकाकडे परत पाठवण्याची सोय त्यात होती. यंत्र स्वस्त होऊन घराघरात आलं तेव्हा ही परतीची वाट गाळली गेली, कारण ती महाग पडते. मोठ्या कारखान्यांतल्या यंत्रांत ती आजही असते. घरच्या यंत्रात ती जागा रिकामी आहे, आणि तिथे बसायचं आहे आपण. पार्सन्सच्या त्या तिघांच्या जागी एक माणूस, बघणारा, अजून लागतोच.

बघायचं म्हणजे नुसतं टक लावायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. यंत्रदुरुस्तीत याहून मोलाची शिस्त मला सापडलेली नाही. एका बैठकीत वेग कमी केला, बिट बदललं, स्क्रूला तेल दिलं आणि यंत्र नीट चाललं, तर कशानं चाललं हे कधीच कळत नाही, आणि मग तोच बिघाड वेगळ्या दिवशी परत येतो.

पहिली चाचणी पेनाची. बिट काढून तिथे बॉलपेन बांधलं, खाली कोरा कागद लावला आणि तीच फाइल चालवली. कागदावर ‘विसावा’ अगदी सुबक उमटला, शिरोरेषा जागेवर. म्हणजे संगणक, फाइल, बोर्ड, केबल सगळे शाबूत. दोष भार आला की उघडा पडत होता.

भाराखाली दोन गोष्टी घडू शकतात. एक तर मोटारच अडून पावलं चुकवते, नाहीतर मोटार पूर्ण फिरते पण तिचं फिरणं स्क्रूपर्यंत पोचत नाही. लाकडावर दोन्हींची खूण सारखीच दिसते. वेगळं ओळखायला बारीक टोकाचा मार्कर पुरतो. मोटारीचा दांडा, त्याला धरणारं कपलिंग आणि पुढचा स्क्रू, या तिघांवरून सलग एक रेघ ओढायची. मग गाठ असलेला सागाचाच उरलेला तुकडा घेतला आणि त्या गाठीवरून काना कोरला. अक्षर साधारण एक मिलिमीटर सरकलं. टॉर्च लावून खाली वाकून पाहिलं. मोटारीच्या दांड्यावरची रेघ आणि कपलिंगवरची रेघ जुळलेली होती. कपलिंगवरची आणि स्क्रूवरची रेघ मात्र फुटली होती, फेऱ्याच्या साधारण आठव्या भागानं. आठ मिलिमीटरचा आठवा भाग, एक मिलिमीटर. लाकूड आणि लोखंड यांचा हिशेब असा जुळताना पाहिला की जो आनंद होतो, तो मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

मोटारीच्या दांड्याला एक बाजू सपाट केलेली असते, कपलिंग आवळणारा बारीक ग्रब स्क्रू तिच्यावर घट्ट बसतो. पलीकडच्या स्क्रूवर नुसते आटे. तिथे ग्रब स्क्रू आट्यांच्या कडांवर टेकून उभा असतो, आणि हादऱ्यांनी त्या कडा झिजतात. बोहरी आळीतल्या एका बेअरिंगच्या दुकानात मी जुनं कपलिंग काउंटरवर ठेवलं. दुकानदारांनी ते उचलून आत एकदा पाहिलं आणि म्हणाले, “ताई, आट्यावर ग्रब टिकत नाही. क्लॅम्पवालं न्या, पाच बाय आठ.” चारही बाजूंनी आवळून धरणारं ते कपलिंग बसवलं. बसवण्याआधी दांडा आणि स्क्रू स्पिरिटनं पुसले, कारण तेलाचा ओशटपणा राहिला तर चांगलं कपलिंगही घसरतं.

बिटही बदललं. सागात वाळूचा अंश असतो, तो धार खातो. बोथट बिट जास्त जोर मागतं, जास्त जोर गाठीशी अडतो, अडलेला जोर ढिला स्क्रू शोधतो. त्या दोन मिलिमीटरच्या मागे अशी तिघांची साखळी होती. पैकी एकाला धरून बाकीच्यांना सोडून दिलं असतं, तर पाटी पुन्हा बिघडली असती.

त्याच पाटीनं आणखी एक सांगितलं. ‘विसावा’त ‘व’ दोनदा येतो, आणि दोन्ही ‘व’ची पोटं एकाच जागी किंचित चपटी होती. अपघात एकदाच होतो. दोनदा तसाच उमटतो तो कायमचा दोष. गोलाईत अक्ष उलट फिरायला लागतो त्या जागी आधी आट्यांमधली ढिलाई भरून निघते आणि मगच पाटी हलते. या ढिलाईला फिटर लोक ‘प्ले’ म्हणतात. स्क्रूवरच्या दोन पितळी नटांमध्ये स्प्रिंग असते, ती थकली होती. डायल गेज लावलं तर काटा स्पष्ट दाखवतो: हुकूम सुटला तरी काटा क्षणभर जागचा हलत नाही.

काही बिघाड हवेतून येतात. पावसाळ्यात पुण्याची हवा दमट झाली की यंत्राच्या खालचा एमडीएफचा फळा ओल पिऊन जागोजागी फुगतो. डोळ्याला दिसत नाही, पण व्ही-बिटला कळतं. नव्वद अंशांचं व्ही-बिट ०.३ मिलिमीटर जास्त खोल गेलं की रेघ ०.६ मिलिमीटरनं रुंद होते. शिरोरेषा एका टोकाला नाजूक आणि दुसऱ्या टोकाला जाडजूड निघते. अशा वेळी मोटारी, बोर्ड, सेटिंग यांना हात लावू नये. तो फळा यंत्रानंच तासून पुन्हा सपाट करून घ्यावा.

हिवाळ्यात उलटं. हवा कोरडी, भुसा ओढणाऱ्या व्हॅक्युमच्या प्लॅस्टिक नळीत भुसा घासत जातो आणि नळीवर विद्युतभार साठतो. तो यंत्राच्या सांगाड्यावर उडी मारतो आणि यूएसबी तुटते. संगणक म्हणतो जोडणी गेली, यंत्र अक्षराच्या मध्यावर थबकतं. लोक केबल बदलतात, मग बोर्ड बदलतात. उपाय मात्र साधा आहे: नळीतून तांब्याची उघडी तार घालून तिचं टोक सांगाड्यासह अर्थिंगला जोडायचं. त्याआधी भिंतीतल्या तिसऱ्या पिनला खरोखर तार आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यायचं. जुन्या घरांत पुष्कळदा ती पिन नुसती शोभेची असते.

ड्रायव्हर चिपचं थोडक्यात. ती तापली की स्वतःला वाचवायला क्षणभर बंद होते आणि पावलं गळतात. छोटा पंखा आणि करंटचा योग्य बेत एवढं तिला पुरतं. मात्र वीज चालू असताना मोटारीची वायर कधीही उपसू नये. त्या एका क्षणात चिप जळू शकते.

‘विसावा’ची पाटी मी त्याच सागाच्या दुसऱ्या फळीवर पुन्हा कोरली. या वेळी गाठ असलेली बाजू मुद्दाम टाळली नाही. ‘सा’चा काना गाठीवरून वर गेला, सूर जरा जड झाला आणि पुन्हा मोकळा झाला. शिरोरेषा सहाही उभ्या दांड्यांच्या डोक्यावर बसली. ती पाटी आता त्या घराच्या दारावर आहे.

अशी कितीतरी यंत्रं माळ्यावर, पलंगाखाली, पोत्यात गुंडाळून पडलेली असतात, ‘चालत नाही’ एवढ्या एका वाक्यावर. तुमच्या घरी असेल तर विकायची घाई करू नका आणि नवा बोर्डही मागवू नका. बिघडलेला तुकडा फेकून न देता उजेडात धरून नीट वाचा. मग वीज बंद करून मार्कर घ्या आणि कपलिंगवर एक रेघ ओढा.